परांड्याची तोफ बघायला विजापूरला

नऊ वर्षांत आम्ही दोघांनी मिळून गावाबाहेर एकही रात्र काढली नव्हती. अम्मींना, म्हणजे सासूबाईंना, अर्धांगवायूचा झटका आला आणि त्या दिवसापासून घरात एक नियमच पडला: दोघांपैकी एकानं घरी राहायचं. लग्नाला एक जण, मयतीला एक जण. मुलीच्या सासरी पहिल्यांदा गेलो तेही दोन वेगवेगळ्या रविवारी. शाळेच्या सहली निघाल्या की आमच्याऐवजी दुसऱ्या बाई जायच्या. गंमत म्हणजे ह्यांची नोकरी एसटीच्या वर्कशॉपमधली. बार्शीहून ह्यांच्या हाताखालून नीट होऊन किती गाड्या कुठं कुठं गेल्या असतील, पण हे स्वतः डेपो ते घर आणि घर ते डेपो.

गेल्या बकरी ईदनंतर महिनाभरात अम्मी अल्लाहला प्यारी झाल्या. अल्लाह त्यांची मगफिरत करो. भेटायला येणाऱ्यांची वर्दळ थांबली, औषधांचा डबा रिकामा झाला, भाड्यानं आणलेला पलंग परत गेला. त्याच दिवसांत नात्यातल्या एक बाई सहज बोलून गेल्या, “अब क्या, तुमारेकू छुट्टीच छुट्टी.” त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण त्यानंतर कुठं जायचं म्हटलं की ते वाक्य आडवं यायचं. घराला कुलूप लावून फिरायला गेलो तर लोक म्हणतील, बघा, वाटच बघत होते. आणि लोकांचं सोडा, आम्हालाच तसं वाटायचं. शेवटी मुलगी फोनवर रागावली. “कुठंही जा, पण दोघं जा,” म्हणाली. माळ्यावरून प्रवासाची बॅग काढली तर तिच्यात डायपरचे दोन पुडे निघाले. ती बॅग इतकी वर्षं त्याच कामाला होती, हे आम्ही विसरूनच गेलो होतो. पुडे गल्लीतल्या एका घरी दिले, तिथंही एक आजी अंथरुणाला खिळून आहेत.

कुठं जायचं यावर फार चर्चा झाली नाही. हैदराबाद लांब पडत होतं, पुण्याला पाहुणे फार. विजापूरचं नाव ह्यांनीच काढलं, आणि कारण अम्मीच होत्या. अम्मींचं माहेर परांड्याचं. बार्शीहून तासाभरावर असलेल्या परांड्याच्या किल्ल्यात आजही जुन्या तोफा आहेत, पण सगळ्यांत मोठी तोफ तिथं नाही, याचं अम्मींना फार वाईट वाटायचं. नातवंडं जमली की त्या सांगायच्या, “हमारे परांडे की तोप बिजापूरवाले ले गये, वापस दिएच नै.” जणू शेजारणीनं नेलेलं पातेलं! बोलणं अस्पष्ट झालं तेव्हाही एवढी एक तक्रार घरातल्या सगळ्यांना कळायची. ती तोफ म्हणजे मलिक-ए-मैदान. अम्मींनी स्वतः ती कधी पाहिली नव्हती आणि आम्हीही नाही.

डिसेंबरातल्या एका शनिवारी पहाटे निघालो. बार्शी ते सोलापूर आपली एसटी, तिथून पुढं कर्नाटकची बस. सोलापूरहून विजापूर साधारण शंभर किलोमीटर, रस्ता आता चांगला चौपदरी आहे. टाकळीजवळ भीमा ओलांडली की पाट्या कन्नड होतात. माती आणि पिकं मात्र तीच, ऊस, ज्वारी, तूर. पुलावर ह्यांनी खाली पाण्याकडे बोट दाखवलं. मलिक-ए-मैदानची जोडीदार, ‘कडक बिजली’ नावाची दुसरी तोफ, विजापूरला नेताना भीमेत बुडाली असं सांगतात. ही गोष्टही अम्मींचीच. तिच्या शेवटी त्या म्हणायच्या, “एक डुबी सो अच्छाच हुआ.”

विजापूरच्या स्टँडवर उतरलो आणि पहिल्या रिक्षावाल्याशी बोलतानाच परकेपणा गेला. ‘नक्को’, ‘हौ’, ‘कायकू’, ‘वहीच’ हे सगळं आमच्या घरातलंच. शाळेत उर्दू शिकवताना मुलांची हीच बोली वहीत लाल शाईनं दुरुस्त करावी लागते, आणि करताना हात थोडा अडखळतो. कारण दखनी ही बिघडलेली उर्दू नव्हे. उत्तरेत दरबारची भाषा फारसी होती तेव्हा इथं आदिलशाहीत दखनीत मसनव्या लिहिल्या जात होत्या. नुसरतीनं आपला ‘अलीनामा’ याच शहरात लिहिला. त्या भाषेतला जोर देणारा ‘च’ सरळ आपल्या मराठीतून आलेला आहे. इब्राहिम आदिलशाह दुसरा तर मराठी सराईतपणे बोलायचा आणि फारसी अडखळत, असं त्याच्याकडे आलेल्या असद बेग या मुघल वकिलानं लिहून ठेवलं आहे. मराठी बोलणाऱ्या मुसलमानाला ‘घरी कुठली भाषा बोलता?’ असं आश्चर्यानं विचारणारी माणसं आपल्याला अधूनमधून भेटतात. त्यांना हे सांगायला हरकत नाही.

लॉजवर सामान टाकलं, वजू करून जोहर पढलो, दोन रकात. कसर नमाज! बार्शीहून पावणेदोनशे किलोमीटर आलो होतो, म्हणजे शरियतच्या हिशेबानं मुसाफिर. सलाम फेरल्यावर हे तसेच बसून राहिले आणि म्हणाले, “कितने सालां के बाद.” दोन रकात कमी पढल्याचा आनंद व्हावा असं त्यात काही नसतं, पण आपण घरापासून लांब आहोत याची खात्री तिथं पटली.

जेवायला एका खानावळीत गेलो. ज्वारीची भाकरी, भरल्या वांग्याची भाजी, शेंगाची चटणी, दही. सोलापूरच्या माणसाला यात नवं काही नाही, आणि तेच बरं वाटलं. बिर्याणी रात्रीसाठी ठेवली.

विजापुरात टांगे अजून आहेत. ठरवाठरवी करून एक टांगा केला आणि शहराच्या पश्चिम टोकाला शेरझा बुरुजावर गेलो. पायऱ्या चढून वर आलो तर समोर ती. आम्ही दोघंही काही वेळ बोललो नाही. मग ह्यांनी जाऊन तिच्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “परांडेवाली.”

तोफ खरोखर बघण्यासारखी आहे. लांबी चौदा फुटांच्या आसपास, वजन ५५ टन सांगतात. तोंडाशी सिंहासारख्या प्राण्याचा आ वासलेला जबडा, आणि त्याच्या दातांत एक हत्ती सापडलेला. १५४९ मध्ये अहमदनगरला निजामशाहीत ती ओतली गेली. ओतणारा उस्ताद मुहम्मद रूमी, म्हणजे तुर्कांच्या मुलखातून आलेला माणूस. पुढं ती परांड्याच्या किल्ल्यात गेली आणि १६३२ मध्ये तिथून विजापूरला आली. चारशे बैल, दहा हत्ती आणि शेकडो माणसं लागली असं म्हणतात. त्या बैलांमागून चालणाऱ्या माणसांचा विचार करून बघा. आम्ही सकाळी ज्या भागातून बसमध्ये डुलक्या घेत आलो, तिथून ते एवढं धूड ओढत होते.

आणि मग तिचं पुढं काय झालं? इंग्रजांच्या काळात, १८५४ मध्ये, ती लिलावात काढली. बोली आली १५० रुपयांची. एवढ्या कमी किमतीला देणं अधिकाऱ्याला बरोबर वाटलं नाही, म्हणून ती राहिली. ही हकीकत अम्मींना माहीत असती तर त्यांनी नक्की म्हटलं असतं, मग तेव्हा परांड्याला कळवायचं होतं, आम्ही वर्गणी काढली असती. आम्ही तिथं उभं राहून हसलो. हसल्यावर दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं, कुणी बघत तर नाही ना, अशा नजरेनं. कुणी बघत नव्हतं. टांगेवाला घोड्याला पाणी पाजत होता.

तिथून जवळच इब्राहिम रौजा. विजापुरात एकच गोष्ट बघायला वेळ असेल तर आम्ही गोलघुमटाआधी हीच सांगू. एका मोठ्या चौथऱ्यावर समोरासमोर मकबरा आणि मशीद, मधे हौद. नाजूक मिनार, आणि मशिदीच्या छज्जाला एकाच दगडातून कोरून काढलेल्या साखळ्या. मकबरा इब्राहिमनं आपल्या राणीसाठी, ताज सुलतानासाठी बांधायला घेतला, पण आधी तोच गेला, १६२७ मध्ये. बांधणाऱ्याचं नाव मलिक संदल. सर्वांत नवल वाटलं ते खिडक्यांचं. त्यांच्या जाळ्या नेहमीच्या फुलापानांच्या नाहीत. अरबी अक्षरंच दगडात अशी कोरली आहेत की अक्षरांच्या मधल्या फटींतून उजेड आत येतो. आम्ही वर्गात फळ्यावर ‘ऐन’ आणि ‘गैन’ काढून दाखवताना खडू मोडतो. इथं कुणीतरी दगडाच्या आरपार लिहिलं आहे. एकेक जाळी लावून वाचायचा प्रयत्न केला. अर्ध्या वाचता आल्या, अर्ध्यांपुढं हात टेकले.

कबरीवर इमारत बांधू नये, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत, आणि अम्मींची कबर बार्शीच्या कब्रस्तानात साधी मातीची आहे. म्हणून या मकबऱ्यांत फिरताना मनात थोडी ओढाताण होते. कारागिरी डोळ्यांत भरते आणि एवढा खर्च कशासाठी हेही वाटतं. आम्ही मगफिरतची दुआ केली, अम्मींसाठीही केली, आणि बाहेर आलो.

असरला जामा मशिदीत पोहोचलो. अली आदिलशाह पहिल्यानं बांधायला घेतलेली ही मशीद दख्खनमधल्या सर्वांत मोठ्या मशिदींपैकी एक. आत फरशीवर काळ्या रेघांनी एकेका नमाजीची जागा आखलेली आहे, अशा २,२५० जागा आहेत आणि त्या औरंगजेबानं आखून घेतल्या असं सांगतात. मेहराबीवर सोनेरी काम. बाहेरच्या वाहतुकीचा आवाज आत येतच नाही. हे नमाजनंतर एका खांबाला टेकून बसले आणि चक्क दहा मिनिटं झोपले. घरी दुपारी कधी डोळा लागलेला आठवत नाही.

संध्याकाळी गोलघुमट, आणि इथं आमची फजिती झाली. डिसेंबर म्हणजे सहलींचा महिना. आवारात बसगाड्यांची रांग. कोपऱ्यावरच्या मिनारातला अरुंद गोल जिना धापा टाकत चढलो, ह्यांचे गुडघे कुरकुरत होते. वर घुमटाच्या आतल्या सज्जात पाऊल टाकलं तर कानठळ्या बसल्या. चार शाळांची मुलं एकाच वेळी किंचाळत होती आणि घुमट त्यांची प्रत्येक किंकाळी सात-सात वेळा परत करत होता. आम्ही स्वतः शिक्षक, मुलांना ओरडू नका म्हणून कोणत्या तोंडानं सांगणार? आणि इथं येऊन न ओरडणारं मूल तरी कसलं! पाच मिनिटांत खाली उतरलो. दारातल्या पहारेकऱ्यानं ऐकवलं, “कुजबूज ऐकायची असेल तर सकाळी सहाला या, दार उघडतं तेव्हा.” ही माहिती आम्ही वाचकांना आधीच देत आहोत, कारण आम्हाला ती दोनदा जिना चढून मिळाली.

रात्री बिर्याणी खाल्ली, ठीक होती. लवकर झोपलो. रात्री बरोबर दोनला दोघंही जागे झालो. अम्मींना पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागायची. इतर पाळ्या एकेकट्यानं निभायच्या, पण दोनची पाळी दोघांची असायची, कारण त्या वेळी चादरही बदलायची असे. अम्मींना जाऊन पाच महिने झाले होते. घरी अजूनही जाग यायची, पण एकमेकांना कळू न देता दोघंही पडून राहायचो, हे त्या रात्री कळलं. लॉजच्या खोलीत दिवा लावला, ह्यांनी बाटलीतलं पाणी प्यायलं. “तू भी उठती क्या रोज?” ह्यांनी विचारलं. मग फजरपर्यंत बोलत बसलो. त्यातलं बरंचसं इथं लिहिण्यासारखं नाही. एवढं खरं की ती बाई ‘छुट्टी’ म्हणाली तेव्हा दोघांनाही तेच वाक्य लागलं होतं आणि दोघांनीही एकमेकांपासून लपवलं होतं.

सहाला दारात हजर. अंधुक उजेड, थंडी, आवारात झाडू मारण्याचा आवाज. घुमट खालून नीट बघता आला तो आत्ताच. मुहम्मद आदिलशाहचा हा मकबरा. तो १६५६ मध्ये वारला. दाराच्या वर फारसी लेख आहेत आणि त्यांतल्या अक्षरांची अबजदप्रमाणे बेरीज केली की हिजरी १०६७ हे त्याच्या मृत्यूचं साल निघतं. उर्दूच्या वर्गात मुलांना अबजद शिकवताना ती कंटाळतात, पुढच्या वेळी हा फोटो दाखवणार. आत चौथऱ्यावर दिसतात त्या नुसत्या खुणा, खऱ्या कबरी खाली तळघरात आहेत. आतल्या एवढ्या प्रचंड चौरस जागेत एकही खांब नाही. चारी भिंतींतून निघालेल्या कमानी एकमेकींना छेदत वर जातात आणि चौकोनाचं वर्तुळ करून त्यावर घुमट तोलून धरतात. घुमटाची आतली रुंदी साधारण ३८ मीटर.

वर सज्जात आमच्याशिवाय एक पहारेकरी तेवढा होता. त्यानं पलीकडच्या टोकाला जाऊन कागद फाडला. तो टर्र आवाज आमच्या कानाशेजारी झाला. भिंत गुळगुळीत आणि गोल असल्यामुळं आवाज मधल्या पोकळीत विरत नाही, भिंतीला चिकटून सरकत पलीकडे पोहोचतो, असं त्यानं समजावून सांगितलं आणि तो खाली गेला.

मग हे पलीकडे जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. इकडे भिंतीला कान लावून आम्ही. बराच वेळ काहीच आलं नाही. ३८ मीटरवरून ह्यांची नुसती पाठ दिसत होती. मग अगदी कानात, शेजारी बसून बोलावं तसा, ह्यांचा आवाज आला.

“अम्मी को दवा दिए क्या?”

नऊ वर्षं रोज रात्री घरात शिरताना विचारलेलं वाक्य. नंतर ह्यांनी सांगितलं की काय बोलावं सुचत नव्हतं, तोंड उघडलं आणि तेच बाहेर आलं. भिंतीला जवळून उत्तर दिलं, “दिए. सोगए.” ते तिकडे पोहोचलं. ह्यांची पाठ हलताना दिसली.

आम्ही तसेच बसून राहिलो, हे तिकडे आणि आम्ही इकडे, घुमटाच्या मोठ्या पोकळीत सकाळ उजाडत होती. मग जिन्यातून मुलांचे पाय वाजायला लागले. पहिल्या मुलानं सज्जात येताच आरोळी ठोकली आणि घुमटानं ती आनंदानं परत केली. हे उठून चालत आमच्याकडे आले, डोळे लाल. “चल,” म्हणाले, “चाय पीते.”

उरलेला दिवस घाईत गेला. आसार महालात स्त्रियांना आत जायला मनाई आहे, म्हणून बाहेरच्या हौदाशी बसून राहिलो. हेही आत गेले नाहीत. बारा कमान, म्हणजे अली आदिलशाह दुसऱ्याचा अर्धवट राहिलेला मकबरा, वाटेत लागला. नुसत्या कमानी उभ्या आहेत, छप्पर कधी झालंच नाही. कुणाला दोन दिवस मिळाले तर ताज बावडीही बघावी. आमची राहिली.

निघताना बाजारातून शेंगाची चटणी घेतली, चार पुड्या. बार्शीत पोहोचायला रात्रीचे नऊ झाले.

एक पुडी त्या नात्यातल्या बाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी चहा ठेवला आणि विचारलं, कुठं गेला होता, कसं झालं. ह्यांनी सांगितलं, “बिजापूर. हमारी तोप देखने गये थे.”

“कौनसी तोप?”

“परांडे की.”

त्या एकदम हसल्या. अम्मींची ती तक्रार त्यांनीही शंभरदा ऐकली होती. “फिर,” त्यांनी विचारलं, “वापस देते बोले क्या?”